जुन्या आतशदानाला साच्यातल्या दगडाचे रूप

महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत भिंतीत बांधलेली शेकोटी आढळते. बोलताना सगळे तिला फायरप्लेसच म्हणतात. उर्दूत तिला आतशदान असा जुना आणि नेमका शब्द आहे, म्हणून या लेखात तोच वापरतो. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले आणि साहेबांच्या बंगल्यांबरोबर विलायतेतली ही रीतही डोंगरावर आली. आता यांतल्या कित्येक बंगल्यांची हॉटेले झाली आहेत. पाहुण्यांना जाळ हवा असतो, आणि जाळाभोवतीची भिंतही पाहण्यासारखी हवी असते. मालक मिस्त्रीला बोलावतो आणि म्हणतो, "या काळवंडलेल्या विटा झाकून टाका. दगडाचे काम दिसले पाहिजे, पण खरा दगड नको, परवडत नाही."

मालकाचे म्हणणे चूक नाही. घडीव दगडाची चार इंच जाडीची भिंत पुढे बांधायची तर तिला खालून स्वतंत्र पाया लागतो. पाथरवटाची मजुरी वेगळी आणि घाटातून दगड चढवण्याचा खर्च वेगळा. अशा वेळी सिमेंटचा साच्यात ओतलेला, इंचभर जाडीचा दगड उपयोगी पडतो. हे काम प्लास्टर करणाऱ्या गवंड्याला किंवा पीओपीच्या कारागिराला सहज शिकता येते. यंत्र लागत नाही, भांडवल थोडे लागते, आणि पावसाळ्यात बाहेरची कामे बंद असताना तुकडे घरी ओतून ठेवता येतात.

नकली दगड म्हटले की काही जण नाक मुरडतात. त्यांना एवढेच सांगावे की आपण ज्याला सिमेंट म्हणतो त्याचे नावच नकलेतून आले आहे. १८२४ साली इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने आपल्या सिमेंटचे पेटंट घेतले तेव्हा त्याला 'पोर्टलंड' हे नाव दिले. कारण घट्ट झाल्यावर ते पोर्टलंडच्या खाणीतल्या दगडासारखे दिसते, असा त्याचा दावा होता. त्याच्याही आधी, १७६९ पासून, एलेनॉर कोड नावाची बाई लंडनमध्ये भाजलेल्या मातीचा कृत्रिम दगड करून विकत होती. आणि इतके दूर कशाला जायचे? औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहा. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला संगमरवर आहे. मधल्या भागात आतून आपला काळा दगड आहे आणि वर चुन्याचा असा घोटीव गिलावा की लांबून सगळी इमारत संगमरवरी वाटावी. सतराव्या शतकातले ते काम आजही लोक पाहायला येतात. तेव्हा लाज नकलेची नाही. लाज वाटावी ती नक्कल गळून पडली तर, किंवा खरा माल म्हणून विकली तर.

गळून पडण्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पहिलेच काम होते. समोरून दगड इतके सुंदर जमले होते की मालकाने शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. आतल्या विटांवर जुन्या ऑइल पेंटचे दोन हात होते. ते काढायला दोन दिवस गेले असते, म्हणून मी वरून नुसता सिमेंटचा पातळ हात मारून तुकडे चिकटवले. तीन आठवड्यांनी थंडी पडली, जाळ पेटला, आणि रात्री वरच्या दोन ओळी खाली आल्या. नशिबाने समोर कोणी बसलेले नव्हते. पडलेले तुकडे उलटून पाहिले तर पाठीवर माल जसाच्या तसा आणि मालाला ऑइल पेंटची साल चिकटलेली. दगडाने माल धरला होता, मालाने पेंट धरला होता, पण पेंटने वीट सोडली होती. तेव्हापासून मी कोणालाही आधी पाठ शिकवतो, चेहरा नंतर.

म्हणून साचे करण्याआधी जागेवर जावे. पहिला प्रश्न असा की आतशदान खरोखर चालू आहे का. आत वर्तमानपत्राचा बोळा पेटवून पाहावा. धूर सरळ वर गेला तर धुराडे मोकळे आहे. खोलीत परतला तर आधी धुराडे साफ करून घ्यावे, त्यावाचून पुढचे काम हाती घेऊ नये. तुंबलेल्या धुराड्यामुळे खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. दुसरे, धुराड्याच्या भिंतीवर ओल आहे का ते पाहावे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि धुराड्याच्या माथ्यावरून पाणी आत उतरते. ओल्या भिंतीवर दगड चढवला तर ओल आत कोंडते आणि वर्षभरात दगडाच्या तोंडावर पांढरा खार फुटतो. गळती आधी बंद करावी.

तिसरी गोष्ट म्हणजे झाकायचे काय आहे, ते खरवडून पाहावे. या भागातले जुने बांधकाम पुष्कळदा जांभ्या दगडाचे असते. एका बंगल्यात रंगाचे थर काढले तर खाली उत्तम घडीव दगड निघाला. मालकाला तसे सांगितले, दगड साफ केला, दरजा भरून दिल्या आणि मजुरी घेतली. नकली दगडाचे काम गेले, पण त्या मालकाने पुढे आणखी तीन कामे दिली. खऱ्या दगडावर नकली चढवण्यासारखा वेडेपणा नाही. जागा भाडेपट्ट्याची किंवा इमारत वारसा यादीतली असेल तर परवानगीचे काय ते मालकाकडून लेखी घ्यावे.

आता पाठीचे काम. विटेवर पाणी शिंपडावे. पाणी शोषले गेले तर वीट माल धरेल. थेंब तसेच राहिले तर वर रंग, तेल किंवा काजळीचा थर आहे असे समजावे. काजळी तारेच्या ब्रशने आणि सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावी. रंग छिन्नीने उडवावा. रंग मुळीच निघत नसेल तर भिंतीवर जस्ताचा मुलामा असलेली जाळी खिळ्या-स्क्रूंनी पक्की करावी. खिळे दरजेत नव्हे तर विटेच्या अंगात जावेत, आणि जाळी भिंतीपासून दोन-तीन सूत सुटी असावी, म्हणजे माल तिच्या मागे जाऊन तिला धरतो. वर अर्धा इंच मालाचा हात द्यावा आणि तो ओला असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढून खडबडीत करावा. जुनी वीट चुन्यात बांधलेली व मऊ असेल तर हा हात नुसत्या सिमेंटचा नको. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा घ्यावा. मऊ भिंतीवर फार कडक कवच चढवले की दोघांचे पटत नाही आणि मधून पोकळ वाजायला लागते.

खात्री करायची असेल तर एकच तुकडा लावून तीन दिवस सोडावा आणि मग छिन्नीने उपटून पाहावा. मालासकट विटेचा कपचा निघाला तर काम पक्के. तुकडा स्वच्छ पाठीने हातात आला तर अजून तयारी झालेली नाही. त्या पहिल्या कामाच्या वेळी ही तीन दिवसांची परीक्षा मला कोणी सांगितली असती तर भरपाईचे पैसे वाचले असते.

साच्यासाठी आधी बारा ते पंधरा खरे दगड निवडावेत. आजूबाजूला दिसतो तोच दगड घ्यावा. डोंगरावरच्या बंगल्यात जांभा किंवा काळा दगड शोभतो. तेथे जैसलमेरचा पिवळा लावला तर पाहुणा एका नजरेत ओळखतो. बारापेक्षा कमी नमुने घेतले तर चाळीस चौरस फुटांत तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसतो. दगड फॉर्मायकाच्या तुकड्यावर ठेवून कडेने माती दाबावी. जांभ्याची भोके खोल असतात, त्यांत रबर अडकून फाटते. म्हणून फार खोल भोके मातीने अर्धी बुजवावीत. मग साबणाचे पाणी लावून रबराच्या चिकाचा, म्हणजे लॅटेक्सचा पहिला पातळ हात बुडबुडे न येऊ देता मारावा. प्रत्येक हात सुकून पारदर्शक झाल्याशिवाय दुसरा मारू नये. असे दहा-बारा हात द्यावेत आणि तिसऱ्या-चौथ्या हातानंतर मधे पट्टीचे जाळीदार कापड बसवावे. वरून पीओपीचे कवच ओतले की रबराला आकार धरायला आधार मिळतो. एक लक्षात ठेवावे, लॅटेक्सच्या साच्याला तेल कधीच लावू नये. तेलाने रबर फुगते आणि साचा वाया जातो. साबणाचे पाणी पुरते. सिलिकॉन रबराचे साचे जास्त टिकतात पण महाग पडतात. काम सुरू करणाऱ्याने लॅटेक्सवरच हात बसवावा.

ओतण्याचे मिश्रण सोपे आहे: एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली, मातीविरहित वाळू. पन्नास किलोच्या गोणीला वीस-बावीस लिटर पाणी पुरे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. साच्यात माल सहज वाहावा म्हणून पाणी वाढवण्याचा मोह होतो. असा तुकडा सुकताना आकसतो, कडा भुसभुशीत होतात आणि रंग फिका पडतो. त्यापेक्षा माल घट्ट ठेवून साचा टेबलावर आपटावा, म्हणजे हवा वर येते. वजन कमी हवे असेल तर वाळूचा काही भाग काढून व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट घालावे. ते उष्णतेलाही चांगले. तुकड्याची पाठ ओली असतानाच तिच्यावर रेघा ओढाव्यात. गुळगुळीत पाठीचा दगड लावू नये.

रंगासाठी लोहाचे ऑक्साइड वापरावे, सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. दहाच्या वर कधीही जाऊ नये, मालाची ताकद जाते. सगळे तुकडे एकाच रंगाचे करू नयेत. तीन घमेली वेगवेगळ्या छटांची कालवून ती साच्यात थोडी मिसळू द्यावीत. आतशदानाच्या बाबतीत रंगाची एक खोच आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. पिवळा लोहऑक्साइड फार तापला की त्यातले पाणी उडते आणि तो लाल होतो. पिवळी काव भाजून लाल काव करतात ती याच गुणामुळे. काळा ऑक्साइडही फार उष्णतेने तांबूस होतो. लाल मात्र बदलत नाही, कारण तो आधीच भाजलेल्या अवस्थेत असतो. म्हणून तोंडाच्या अगदी कडेला येणारे तुकडे लालसर छटेचे ठेवावेत आणि पिवळे वर, लांब न्यावेत. जांभ्याच्या नकलेत हे आपोआपच जमते.

तुकडे साच्यात एक दिवस ठेवावेत, काढल्यावर सात दिवस सावलीत ओल्या गोणपाटाखाली. उन्हात घाईने सुकवलेला दगड हातात कोरा दिसतो आणि भिंतीवर तडकतो.

लावताना कोपऱ्यापासून सुरुवात करावी. नकली काम उघडे पडते ते कोपऱ्यावर, जिथे इंचभर जाडीची कड दिसते. त्यासाठी काटकोनात वळलेले तुकडे वेगळ्या साच्यात ओतावे लागतात. हे जास्तीचे काम टाळणाऱ्याने बाकीची मेहनतही घेऊ नये. दोरी आणि लेव्हल ट्यूब धरून, उभ्या दरजा एकावर एक न येऊ देता वर जावे. तोंडाच्या वर लांब पट्टीचा दगड किंवा कमानीची रचना दाखवावी. वरचे दगड कशावर तोललेले आहेत हे डोळ्याला कळले पाहिजे. अधांतरी लटकलेला दगड पाहिला की न शिकलेला माणूससुद्धा म्हणतो, हे खरे नाही. तुकड्याची पाठ आणि भिंत दोन्ही ओलसर करून पूर्ण पाठीवर माल भरावा. नुसते चार कोपऱ्यांत चार गोळे लावून चिकटवण्याची पद्धत टाइल्सवाल्यांकडून आली आहे, ती इथे चालत नाही.

आता जाळाची बाब, जिथे चूक केली तर पैशावर भागत नाही. साध्या सिमेंटचा दगड हा आतशदानाच्या तोंडाबाहेर लावण्याचा माल आहे. आत, जिथे लाकूड जळते, तिथे भट्टीची वीट आणि फायर क्लेच पाहिजे. साधे सिमेंट तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागते. चारशे-पाचशेच्या दरम्यान त्यातला चुना फुटतो आणि पुढे दमट हवेत पुन्हा फुगतो. तोंडावर जो लोखंडी अँगल विटा तोलून धरतो तो तापल्यावर वाढतो. त्याच्यालगत माल ठासून भरू नये, दोन सूत फट मोकळी ठेवावी. नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात बरोबर त्या रेषेवर तडा जातो. धुराड्याच्या झडपेची मूठ आणि राख काढण्याचे दार झाकू नये. गॅसचे आतशदान असेल तर त्याच्या हवेच्या जाळ्यांवर तुकडासुद्धा नको.

अंतरांसाठी अमेरिकेतील घरबांधणीचे नियम हाताशी ठेवण्याजोगे आहेत. तोंडाच्या सहा इंचांच्या आत लाकूड किंवा जळणारी कोणतीही वस्तू नको. सहा ते बारा इंचांच्या पट्ट्यात असेल तर अंतराच्या दर इंचामागे एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त पुढे येऊ नये. म्हणजे आठ इंचांवर बसवलेली सागवानी पट्टी एक इंचाच्या पुढे आली की नियम मोडला. जमिनीवर न जळणारी फरशी तोंडाच्या पुढे किमान सोळा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच हवी. तोंड सहा चौरस फुटांचे किंवा त्याहून मोठे असेल तर वीस आणि बारा. आपण भिंतीवर दीड-दोन इंचांचे काम चढवतो तेव्हा पुढची फरशी तेवढीच कमी होते, हे पुष्कळ जण विसरतात. काम झाल्यावर पुन्हा माप घ्यावे. कमी पडली तर फरशी वाढवावी, गालिचा मागे सारून काम भागत नाही.

बाजारात थर्माकोल, पीव्हीसी आणि रेझिनचे दगडासारखे दिसणारे पत्रेही मिळतात. स्वस्त आहेत, एका दिवसात बसतात आणि फोटोत उत्तम दिसतात. दिवाणखान्याच्या इतर भिंतींवर ते खुशाल लावावेत. जाळाजवळ लावू नयेत: थर्माकोल शंभर अंशांच्या आतच मऊ पडते, आणि पेटले तर काळा विषारी धूर सोडते. पीओपीचा दगड पेटत नाही, पण तापल्यावर त्यातले पाणी निघून त्याची भुकटी होते. मालक म्हणेल, "आम्ही जाळ पेटवणारच नाही, नुसती शोभा आहे." तो पेटवणार नाही, पण त्याच्यानंतरचा भाडेकरू पेटवेल. तोंड विटेने कायमचे बंद करणार असाल तरच असा माल लावीन, असे सांगावे.

काम संपल्यावर अठ्ठावीस दिवस जाळ नको. दगडाच्या पोटात पाणी असताना तो तापला तर वाफ कोंडून कपचे उडतात. मग पहिले तीन-चार दिवस लहान जाळ करावा, तोही तासाभराचा. मालकाला हे तोंडी सांगून उपयोग नाही, बिलावर तारीख लिहून द्यावी.

हिशेब असा बसतो. चाळीस चौरस फूट भिंत, जाडी एक इंच, म्हणजे सव्वातीन घनफुटांच्या थोडा वर माल. एक-तीनच्या मिश्रणात त्याला जवळजवळ एक गोणी सिमेंट आणि पावणेचार घनफूट वाळू लागते. तुटफूट, पाठीचा हात आणि चिकटवण्याचा माल मिळून आणखी एक गोणी धरावी. दगडांचे वजन चौरस फुटाला पाच किलो, म्हणजे सगळे मिळून दोनशे किलो. पाठीचा माल धरून तीनशेच्या वर. विटेच्या भिंतीला हे काही नाही. प्लायवूडच्या पार्टिशनवर किंवा लाकडी तक्तपोशीच्या मजल्यावर मात्र हा भार टाकू नये. यावरून दिसेल की सिमेंट-वाळूचा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च साच्यांचा आणि दिवसांचा आहे. नवखा कारागीर दर सांगताना सिमेंटच्या गोण्या मोजतो आणि तोट्यात जातो. साचे किती कामांवर फेडायचे आहेत ते आधी ठरवावे. कोपऱ्याच्या तुकड्यांचा दर धावत्या फुटावर वेगळा लावावा आणि जुना रंग काढण्याची मजुरी रोजावर ठेवावी. रंगाखाली काय निघेल ते आधी कोणालाच माहीत नसते.

बिलात "सिमेंटचा साच्यातील दगड" असे स्पष्ट लिहावे. मालाचा ऐब झाकून विकू नये हे आपण घरातूनच शिकलेलो असतो. आणि व्यवहारातही तेच शहाणपणाचे. कारण नकली दगड कधीतरी फुटतो, आत करडे सिमेंट दिसते, आणि त्या दिवशी मालकाला जर पहिल्यांदा कळले तर तो तडा दगडात राहत नाही.

तुकडे कापताना कोरडे यंत्र चालवू नये. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना याच धुळीने सिलिकोसिस झाल्याचे सर्वांना ठाऊक आहे. पाणी सोडून कापावे, तोंडावर चांगला मास्क असावा, आणि पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नये. ओल्या सिमेंटमध्ये उघडे हात घालणेही बंद करावे. रबरी हातमोज्यांची किंमत एका दिवसाच्या चहापेक्षा फार नाही.

निघताना प्रत्येक छटेचे दोन-दोन तुकडे मालकाकडे ठेवावेत, आणि कोणत्या घमेल्यात किती रंग घातला ते वजनासकट आपल्या वहीत उतरवून घ्यावे. दोन वर्षांनी एखादा तुकडा बदलायला बोलावणे आले तर डोळ्याने रंग जुळवत बसण्यापेक्षा ती वही कामाला येते.